बारदानाचा हिशेब कोणी द्यायचा?

मराठवाड्यातील कोणत्याही मोंढ्यात शेतमालाचे पोते काट्यावर चढले की पहिली वजाबाकी होते ती बारदानाची. पोत्याचे वजन मालाच्या वजनातून कापल्याशिवाय हिशेबपट्टी तयार होत नाही. त्या पट्टीवर हमाली येते, तोलाई येते. रिकामे पोते शेतकऱ्याचे की व्यापाऱ्याचे, ते परत जायचे की त्याचे पैसे लावायचे, हेही ठरलेले असते. या वजाबाकीत शेतकऱ्यावर अनेकदा अन्याय झाला आणि त्याविरुद्ध त्याला झगडावे लागले, ही गोष्ट वेगळी. परंतु त्या साऱ्या व्यवहारात एक तत्त्व निर्विवाद मानले गेले होते. बारदानाला वजन आहे, किंमत आहे आणि त्याचा कोणी तरी धनी आहे, हे ते तत्त्व होय.

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे पाचोड हे पैठण तालुक्यातील गाव मोसंबीच्या बाजारासाठी सर्वदूर ओळखले जाते. आज या गावात आणखी एक बाजार रोज येऊन पोहोचतो. त्या बाजाराला ना ओटा आहे ना काटा. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवले की मागणी नोंदली जाते, दूरवरच्या एखाद्या गोदामात माल बांधला जातो आणि चार-सहा दिवसांत मोटारसायकलवरून एक तरुण तो दारात आणून देतो. माल घरात जातो आणि बारदान दाराशी उरते. पुठ्ठ्याचे खोके, त्यावर गुंडाळलेली हातभर चिकटपट्टी, हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक, थर्माकोलचे तुकडे, हाताने न फाटणारी रंगीत पिशवी, असे ते बारदान असते. मोंढ्यातील शेतकऱ्याकडून पोत्याच्या वजनाचा हिशेब काटेकोरपणे घेणाऱ्या समाजाने या नव्या व्यापाऱ्याला मात्र बारदानाचा हिशेब विचारलेला नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे.

हवेची वाहतूक

समजा, पाचोडच्या शिवारातील एका बागायतदाराने विहिरीवरच्या मोटारीसाठी लागणारा एक लहानसा सुटा भाग ऑनलाइन मागविला. त्या भागाची लांबी १० सेंटिमीटर आणि रुंदी व उंची प्रत्येकी ५ सेंटिमीटर आहे, म्हणजे त्याने व्यापलेली जागा २५० घन सेंटिमीटर. तो ज्या खोक्यात आला ते खोके ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि १५ उंच आहे, म्हणजे ९००० घन सेंटिमीटर. याचा अर्थ असा की, त्या खोक्याच्या छत्तीस हिश्शांपैकी एका हिश्शात वस्तू होती आणि पस्तीस हिश्शांत हवा व ती हवा जागच्या जागी राहावी म्हणून कोंबलेले प्लास्टिक होते. मालवाहू कंपन्या बहुधा खोक्याच्या घनफळाला ५००० ने भागून त्याचे हिशेबी वजन ठरवितात. त्या रीतीने शंभर ग्रॅमच्या वस्तूसाठी १ किलो ८०० ग्रॅमचे भाडे पडते. विक्रेता हे भाडे भरतो आणि ते वस्तूच्या किमतीत मिळवून ग्राहकाकडून वसूल करतो. शेकडो कोस हवा वाहून नेण्याचे पैसे अखेरीस बागायतदारच देतो.

मग शहाणासुरता व्यापारी असा आतबट्ट्याचा व्यवहार का करतो? त्याचे उत्तर त्याच्या खर्चाच्या मांडणीत आहे. गोदामात खोक्यांचे मोजकेच आकार ठेवलेले असतात, कारण एकाच मापाची खोकी ठोक भावाने स्वस्त पडतात. माल बांधणाऱ्या कामगाराने तासाला किती नग बांधावेत याचे प्रमाण ठरलेले असते. त्याने योग्य मापाचे खोके शोधत बसण्यापेक्षा हाताशी असलेल्या खोक्यात वस्तू टाकून वरून चिकटपट्टी गुंडाळणे मालकाला परवडते. मुख्य म्हणजे, माल वाटेत अनेकदा चढविला-उतरविला जातो, फेकला जातो. फुटला तर ग्राहक परत करतो आणि परतीचा भुर्दंड लहान विक्रेत्याच्या माथी बसतो. साहजिकच तो एकाच्या जागी तीन वेष्टने घालतो. प्रत्येक विक्रेता आपापल्यापुरता हिशेबाने वागत आहे. या साऱ्या हिशेबांच्या बेरजेतून निघणारा उकिरडा मात्र कोणाच्याच वहीत नाही.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. खाजगी उत्पादकाने मोजलेला खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत तफावत असू शकते, हे ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात मांडले. के. विल्यम काप यांनी १९५० मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या प्रतिपादनानुसार ही तफावत म्हणजे एखादा अपवाद किंवा अपघात नव्हे. आपला खर्च इतरांवर ढकलता येणे हाच खाजगी नफ्याचा एक नित्याचा मार्ग असतो. पाचोडच्या गल्लीत उडणाऱ्या पिशव्यांकडे या दृष्टीने पाहिले तर ग्राहकाच्या बेशिस्तीपलीकडची गोष्ट दिसू लागते. त्या पिशव्या म्हणजे कोणाच्या तरी ताळेबंदातून वगळलेला खर्च आहे.

खर्च कोणाच्या माथी?

हा वगळलेला खर्च प्रथम येतो तो ग्रामपंचायतीवर. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ग्रामीण भागातील कचरा गोळा करणे, वेगळा करणे, साठविणे आणि पुढे पाठविणे ही जबाबदारी ग्रामपंचायतीवर टाकली. त्यासाठी पैसा कोठून येतो? स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठी २०२० मध्ये आखलेल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ४५ रुपये आणि गटाला प्लास्टिक प्रक्रियेच्या एका केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. हा सारा पैसा जनतेचा. गावातील किराणा दुकानदार निदान घरपट्टी भरतो. गावच्या उकिरड्यात भर घालू लागलेला हा दूरचा व्यापारी ग्रामपंचायतीच्या वहीत नावालाही नाही.

त्यानंतर हा खर्च येतो स्त्रीवर. घराचा कचरा काढणे हे काम आपल्या समाजाने तिच्याकडेच सोपविलेले आहे. घंटागाडी रोज येत नाही. वाड्या-वस्त्यांवर आणि शेतातल्या घरांकडे तर ती फिरकतच नाही. तेव्हा पुठ्ठा आणि त्यावरची चिकटपट्टी, पिशव्या आणि फुग्यांचे प्लास्टिक हे सारे चुलीत किंवा परसात पेटविले जाते. पुठ्ठ्याने चूल लवकर धरते, ही गरिबाच्या घरी सोयच होय. परंतु त्यासोबत जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर अत्यंत घातक असतो आणि त्यात क्लोरीनयुक्त प्लास्टिक असेल तर डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. तो धूर चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल घेते. मोकाट गुरे उकिरड्यावरच्या पिशव्या गिळतात आणि त्यांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे होतात. दुभते जनावर गेले तर अल्पभूधारकाचे किंवा शेतमजुराचे वर्षच बुडते. उरलेले वाऱ्यावर शेतात आणि पावसात ओढ्या-नाल्यांत जाते, तेथून ते गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचते.

येथे वर्गीय अन्यायाचे एक सूक्ष्म रूप दिसते. ज्या शेतमजुराच्या घरी वर्षाकाठी एकही पार्सल येत नाही, त्याच्या झोपडीपलीकडेच बहुधा गावाचा उकिरडा असतो. खरेदीची सोय एकाची, नफा दुसऱ्याचा आणि धूर तिसऱ्याच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे.

स्वच्छतेचा प्रश्न

अतिरेकी वेष्टन म्हणजे स्वच्छ वेष्टन, असा एक समज आहे. तीन पदरांत बांधलेली वस्तू शुद्धच असणार, असे ग्राहकाला वाटते. वस्तुस्थिती अशी की बाहेरचे पदर वस्तूला धक्क्यापासून वाचवितात. ती कोठे, कोणत्या हातांनी आणि कशाच्या शेजारी बांधली गेली याविषयी ते काहीच सांगत नाहीत. खाण्याचा जिन्नस आणि कीटकनाशक एकाच गाडीतून प्रवास करू शकतात. पार्सलांच्या गोण्या जमिनीवर, ओल्या फरशीवर, रस्त्याच्या कडेला पडतात. एकदा वापरलेले खोके नवे लेबल चिकटवून पुन्हा वापरले तर त्यात पूर्वी काय होते हे कळण्यास मार्ग नसतो. खोके पुन्हा वापरणे ही गोष्ट एरवी स्तुत्यच. पण खाद्यपदार्थांसाठी कोणते खोके चालेल आणि कोणते नाही याचा विवेक कोणी तरी करावयास हवा.

देशाच्या कायद्याने हा विवेक काही प्रमाणात केला आहे. अन्नपदार्थांच्या वेष्टनासंबंधीचे विनियम १ जुलै २०१९ पासून अमलात आले आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास बंदी केली, कारण छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात. पण हा नियम वडापावच्या गाडीवाल्याला जितक्या तत्परतेने ऐकविला जातो तितक्या तत्परतेने मोठ्या गोदामांना ऐकविला जातो काय? जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत धारावी येथील झेप्टोच्या गोदामाचा परवाना निलंबित केला होता. तपासणीत काही पदार्थांवर बुरशी, साचलेल्या पाण्यानजीक ठेवलेला माल, शीतसाठ्याच्या तापमानातील हेळसांड आणि मुदत संपलेला माल वेगळा न ठेवणे, अशा गोष्टी आढळल्या होत्या. राज्याच्या राजधानीत, निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत ही अवस्था असेल, तर कोठल्या तरी परप्रांतीय शहरातील खोलीत बांधून पाचोडला येणाऱ्या मसाल्याच्या किंवा सुक्यामेव्याच्या पुड्याची तपासणी कोण करणार?

वेष्टनाची स्वच्छता ही अखेर ते बांधणाऱ्या कामगाराच्या स्थितीशी निगडित असते, हेही विसरून चालणार नाही. जून २०२४ मध्ये हरियाणातील मानेसर येथील अमेझॉनच्या गोदामात, नेमून दिलेले काम पुरे होईपर्यंत पाणी पिण्यासाठी वा स्वच्छतागृहासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचे वृत्त आले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ज्या कामगाराला हात धुण्याइतकाही अवसर मिळू नये, त्याच्याकडून स्वच्छ बांधणीची अपेक्षा करणे हा दांभिकपणा होय.

आणखी एक धोका गावातल्या घरातच तयार होतो. पार्सलची मजबूत पिशवी टाकून देणे काटकसरी गृहिणीला पटत नाही. ती धुऊन ठेवली जाते आणि मग शेतावर भाकरी नेण्यासाठी, मिरची-हळद साठविण्यासाठी तिचा उपयोग होतो. ती पिशवी अन्नासाठी बनविलेलीच नसते. गरम भाकरी तिच्यात बांधली की त्या प्लास्टिकमधील द्रव्ये अन्नात उतरू शकतात. गरिबाची काटकसर ही त्याच्या आरोग्याची शत्रू ठरावी, अशी ही रचना आहे.

कागदावरचा हिशेब

कायदे नाहीत अशी स्थिती नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. २०२० मध्ये एका शाळकरी मुलाने पालकांमार्फत केलेल्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांच्या वेष्टनांचे पर्यावरणीय लेखापरीक्षण करण्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगितले. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि त्यांत ऑनलाइन बाजारपेठांचाही स्पष्ट समावेश केला. आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिक वेष्टनाइतके प्लास्टिक पुन्हा प्रक्रियेत गेले, याची प्रमाणपत्रे त्यांनी सादर करावीत, अशी ही योजना आहे.

योजना चांगली, पण तिच्या पोटात दोन पळवाटा आहेत. पहिली अशी की सूक्ष्म व लघु उद्योगांना तीत सूट आहे. ऑनलाइन बाजारपेठ स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणविते आणि माल पाठविणारे हजारो विक्रेते लहान असतात. अमेझॉनने २०२० मध्ये आणि फ्लिपकार्टने २०२१ मध्ये आपापल्या भारतीय गोदामांतील वेष्टनातून एकदाच वापरावयाचे प्लास्टिक हद्दपार केल्याचे जाहीर केले, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. पण विक्रेता स्वतःच्या जागेतून जे परस्पर बांधून पाठवितो ते या घोषणेबाहेर राहते. मोठा म्हणतो, बांधणारा मी नव्हे. लहान म्हणतो, मला सूट आहे. बारदान मात्र दोघांचेही गावातच राहते.

दुसरी पळवाट अधिक खोल आहे. प्रमाणपत्राचा हिशेब साऱ्या देशाचा मिळून एक असतो. गुजरातेतील एखाद्या कारखान्यात अमुक टन प्लास्टिकवर प्रक्रिया झाली, एवढे कागदावर दिसले की कंपनीची जबाबदारी फिटली. पाचोडच्या परसात जळालेली पिशवी त्या हिशेबात कोठेच येत नाही. शिवाय कागद तरी खरा असतो काय? २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली होती. मोंढ्यातील आडत्याने असा हिशेब दाखविला असता तर शेतकऱ्यांनी मोंढा बंद पाडला असता.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की ऑनलाइन बाजारामुळे खेड्यातील ग्राहकाला प्रथमच निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. जी वस्तू घेण्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाऊन दिवस मोडावा लागे ती आता दारात येते. गावच्या दुकानदाराची मनमानी कमी झाली. हे खरे आहे आणि समाजवादी विचाराच्या माणसाने ते नाकारण्याचे कारण नाही. कचऱ्याची सुरुवातही या बाजाराने केलेली नाही. शाम्पू आणि तंबाखूच्या पुड्या त्याआधीच गावोगाव पोहोचल्या होत्या. मागणी हा बाजार बंद करण्याची नसून त्याने आपला पूर्ण खर्च स्वतः उचलण्याची आहे.

दुसरा आक्षेप असा की कंपन्यांवर खर्च लादला तर त्या तो ग्राहकावरच टाकतील. कदाचित टाकतील. परंतु आजही तो खर्च कोणी तरी भरतोच आहे. फरक इतकाच की आज तो ज्याने काही विकत घेतले नाही त्याच्याकडूनही घरपट्टीच्या, धुराच्या आणि मेलेल्या जनावराच्या रूपाने वसूल होतो. खरेदी करणाऱ्याने आपल्या खरेदीचा खर्च द्यावा, यात अन्याय नाही. शिवाय हवा कमी वाहिली तर भाडेही कमी पडेल आणि बराचसा बोजा आपोआप उतरेल.

परतीची गाडी

उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. तो या व्यवसायाच्याच रचनेत आहे. ग्राहकाला वस्तू पसंत पडली नाही तर हाच तरुण, हीच मोटारसायकल, हीच मालगाडी ती वस्तू पाचोडहून थेट विक्रेत्यापर्यंत परत नेते. म्हणजे परतीची वाट अस्तित्वात आहे आणि ती रोज चालते. मालात पैसा अडकलेला असतो म्हणून माल परत जातो. बारदानात कंपनीचा पैसा अडकलेला नसतो म्हणून ते परत जात नाही. तेव्हा त्यात पैसा अडकविणे, हाच खरा मार्ग होय.

प्रत्येक पार्सलमागे बारदानाची ठरावीक अनामत बिलात वेगळी दाखवावी आणि ग्राहकाने रिकामे वेष्टन परत करताच ती त्याला मिळावी. सोड्याच्या आणि दुधाच्या काचेच्या बाटल्यांचा व्यवहार महाराष्ट्राने कित्येक वर्षे याच रीतीने चालविला होता. २०१८ च्या राज्याच्या आदेशातही दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची कल्पना होती. ती रुजली नाही, कारण परतीची यंत्रणा कोणी उभारायची याचा निर्णय झाला नाही. येथे यंत्रणा आयतीच उभी आहे. मात्र परत नेण्याच्या कामाचे वेगळे दाम पार्सल पोहोचविणाऱ्या तरुणाला मिळाले पाहिजे. नगावर राबणाऱ्या त्या श्रमिकाच्या पाठीवर आणखी एक फुकटचे ओझे लादून ही सुधारणा होता कामा नये. वाड्या-वस्त्यांवरील बारदान गोळा करून एका ठिकाणी देण्याचे काम स्त्रियांच्या बचत गटांना कंपन्यांच्या खर्चाने देता येईल.

यासोबत खोक्यातील रिकाम्या जागेवर कायद्याने मर्यादा हवी. दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये पार्सलमधील रिकामी जागा निम्म्याहून अधिक नसावी असा नियम केला आणि युरोपीय संघाच्या २०२५ च्या नियमावलीने २०३० पासून तेच बंधन घातले आहे. जर्मनीने तर १९९१ मध्येच वेष्टनाची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यावर टाकली होती. भारतीय राज्यसंस्थेलाही हे अवघड नाही. ताग उत्पादकांच्या हितासाठी धान्य व साखर तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती करणारा कायदा संसदेने १९८७ मध्ये केला होता. तागासाठी जे शक्य झाले ते गावाच्या आरोग्यासाठी अशक्य का असावे? खाद्यपदार्थांच्या पुड्यावर ते प्रत्यक्ष कोठे बांधले गेले ते ठिकाण ठळक छापावे आणि प्रमाणपत्रांचा हिशेब देशाऐवजी तालुकावार मागावा, म्हणजे जेथे बारदान पडले तेथूनच ते उचलावे लागेल.

या गोष्टी आपोआप घडणार नाहीत. दिल्लीत आणि मुंबईत मोठ्या कंपन्यांचे म्हणणे मांडणारे पुष्कळ आहेत. उकिरड्याशेजारी राहणाऱ्याचे म्हणणे मांडणारी एकच सनदशीर जागा आहे, ती म्हणजे ग्रामसभा. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी ती भरते. पाचोडने आणि पाचोडसारख्या प्रत्येक बाजारगावाने गावात येणाऱ्या बारदानाची महिनाभर मोजदाद करावी, ते वजनासह ग्रामसभेपुढे ठेवावे आणि ते ज्याचे त्याने परत न्यावे असा ठराव करून जिल्हा परिषदेला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावा. पोत्याचे वजन कापून घेणाऱ्या काट्यापुढे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला आहे. आता त्याच काट्यावर या नव्या व्यापाऱ्याचे बारदान चढविण्याची पाळी त्याची आहे.